रिकाम्या हातांची सुट्टी

माझ्या दिराला मास्तरांनी भर कारखान्यात कामचोर म्हटलं. कारण काय, तर ते मागच्या जिन्यावर दोन मिनिटं नुसते उभे होते. नुसते म्हणजे हातात सिगरेट नव्हती. सिगरेट असती तर मास्तर चकार शब्द बोलले नसते, उलट शेजारी उभं राहून काडेपेटी मागितली असती. माणूस धूर काढत उभा राहिला तर कामाचा आणि श्वास घेत उभा राहिला तर कामचोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही आणि उतरावी अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. एक लांबलचक खोली, मशिनांच्या रांगा, वर घरघरणारे पंखे, खाली कातरणांचा खच आणि सगळ्यांवर देखरेख करणारे मास्तर. मी काजं पाडते. माझे दीर, म्हणजे आमचे भावजी, कॉलर लावतात. शर्ट शिवणारे पुष्कळ भेटतात, पण कॉलरची दोन्ही टोकं सारखी आणणारे हात थोडे. टोकं जुळली नाहीत की शर्टातलं पोर मान वाकडी करून बसल्यासारखं दिसतं. म्हणून कारखान्यात भावजींना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'कॉलर'च म्हणतात. 'आज कॉलर ताठ आहे', 'कॉलरला इस्त्री करा रे', असली चेष्टा रोज चालते आणि भावजी खाली मान घालून हसतात.

लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात. लग्न जमलं नाही असं नातेवाईक म्हणतात. मी म्हणते, यांनी कधी तोंड उघडलं असतं तर जमलं असतं. भाजीत मीठ नसेल तर हा माणूस मीठ मागत नाही, माझ्या नवऱ्याचा चेहरा कधी वाकडा होतो याची वाट बघत बसतो. असल्या माणसाला कोणीही काहीही बोलून जावं, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे.

सुरुवात पायापासून झाली. चालताना उजवी पोटरी भरून यायची. भाजी आणायला गेले की वाटेतल्या दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि घरी येऊन 'चप्पल चावते' म्हणायचे. नवीन चप्पल आणली, तीही चावायला लागली. मग एका बोटाला जखम झाली. कधी झाली, कशाने झाली, पत्ता नाही. ती भरेना. एकदा ते मोजा काढत असताना माझी नजर गेली. बोट काळपट पडलं होतं. मी पाऊल हातात धरून बघितलं तर ते फरशीसारखं गार. तसंच उठवून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला खमकी. "काका, तंबाखूमुळे तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात," ती म्हणाली. "जखमेवर मी औषध देईन, पण खरा उपाय एकच. सिगरेट बंद. कमी करून भागणार नाही. दिवसाला एक ओढलीत तरी आजार चालूच राहतो."

"आणि नाही बंद झाली तर?" मी विचारलं, कारण भावजी विचारणार नव्हते.

"आधी बोट जाईल. मग पाऊल. मग कदाचित त्याच्या वरचंही."

उजवा पाय म्हणजे मशीनच्या पेडलचा पाय. कॉलरच्या टोकाशी सुई आली की त्या पायाने वेग असा उतरवायचा की सुई नेमकी कोपऱ्यात थांबली पाहिजे. भावजींचा सगळा हुनर लोकांना हातात दिसतो, पण निम्मा त्या पायात आहे. तो गेला तर माणूस घरात बसून काय करणार, हे आम्हा दोघांनाही दवाखान्याच्या जिन्यावरच कळलं.

डॉक्टरीणबाईने वेळ देऊन समजावलं, हे मला तिचं आवडलं. एक दिवस ठरवा. त्या दिवसाआधी घरातलं पाकीट, लायटर, रक्षापात्र, सगळं बाहेर काढा. चार माणसांना सांगून ठेवा, म्हणजे मागे फिरायला लाज वाटेल. तलफ कुठल्या वेळी येते ते ओळखा. ती आली की वाढतच जाणार असं वाटतं, पण तसं होत नाही, थोड्या मिनिटांत ओसरते. "तेवढ्यापुरती जागा बदला," ती म्हणाली. "उठा, चाला, पाणी प्या, हातांना काहीतरी काम द्या. बसल्या जागी तलफेशी झुंजत बसू नका." बाकीच्यांना ती निकोटिनचा च्युइंगम देते, पण भावजींच्या पायाला निकोटिन कुठल्याच वाटेने नको म्हणून तिने वेगळी गोळी लिहून दिली.

घरचं मी बघितलं. पडदे धुतले, शर्टांचे खिसे उलटे केले, गॅलरीतलं रक्षापात्र कचऱ्यात टाकलं. आमचे हेही ओढतात. ते गॅलरीत गेले आणि मोकळ्या कठड्याकडे बघत उभे राहिले.

"अगं, सिगरेट त्याला सोडायची आहे ना? माझं कशाला काढलंस?"

"धुराला तुमचा आणि भावजींचा असा फरक कळत नाही. ओढायची असेल तर खाली, फाटकाबाहेर."

"स्वतःच्या घरात मला फाटकाबाहेर?"

"पाय भावाचा आहे ना तुमच्या?"

त्यावर ते चप्पल घालून गेले आणि तणतणत परत आले. पुढेही रोज तणतणायचे, पण जिने उतरून चढायचा कंटाळा म्हणून त्यांचीही निम्मी झाली. श्रेय मात्र ते स्वतःच्या मनोनिग्रहाला देतात. देऊ द्या.

चहा आणि सिगरेट यांची भावजींची जोडी होती, म्हणून मी त्यांना चहा गॅलरीत देणं बंद केलं. ओट्यापाशी उभ्याने प्यायचा आणि कप खाली ठेवताक्षणी दात घासायचे. संध्याकाळी हात चुळबुळायला लागले की मी पुढ्यात लसूण ओतायची. कॉलरचे हात ते, एकेक पाकळी अशी सोलायचे की साल अखंड निघावी. आम्ही खाऊन खाऊन किती लसूण खाणार? शेजारपाजारी वाटला. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे कसलं कार्य आहे का?" मी म्हटलं, हो, आहे.

चिडचिड झाली, झोप उडाली, खोकला वाढला. एकदा टीव्हीच्या आवाजावरून भावजी माझ्या नवऱ्यावर असे ओरडले की हे रिमोट टाकून उठले. मला तर बरं वाटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी आवाज फुटला. तेवढ्यात यांच्या आत्याबाई भेटायला आल्या आणि शहाणपण शिकवून गेल्या. "इतक्या वर्षांची सवय एकदम सोडू नये, शरीराला सोसत नाही. अधूनमधून एखादी ओढत जा रे." मी त्यांना त्यांचा चहा अर्धा असतानाच रिक्षा बोलावून दिली.

घर असं सांभाळलं. पण माणूस जागेपणी जास्त असतो कुठे? कारखान्यात. आणि तिथे काय नियम आहे ते ऐका.

कापड आणि कातरणं पेट घेतात म्हणून खोलीत ओढायला सक्त बंदी. ही बंदी योग्यच आहे. पण त्या बंदीला एक शेपूट फुटलं. ज्याला ओढायची असेल त्याने मागच्या लोखंडी जिन्यावर जायचं. "मास्तर, ओढून येतो," असं म्हटलं की मास्तर मान हलवणार. सकाळी अकराच्या सुमारास एकदा, दुपारी चहाच्या वेळी एकदा, आणि मधे कधी लहर आली तर तेव्हाही. न ओढणाऱ्याला बाहेर जायला कारणच नाही, म्हणून त्याला सुट्टीही नाही. आम्ही बायका मान मोडेपर्यंत बसून असतो. पाणी प्यायला उठलो तरी मास्तर घड्याळाकडे बघतात. ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना सुट्टी आहे, आमच्या कमरेला नाही. आणि इतकी वर्षं आम्हाला यात काही विचित्र वाटलंच नाही, याची मला आता जास्त चीड येते.

भावजींची तलफ नेमकी अकराची. डॉक्टरीणबाईने सांगितल्याप्रमाणे ते उठले आणि जिन्यावर जाऊन उभे राहिले. मास्तर मागोमाग आले. ते काय म्हणाले ते अख्ख्या खोलीने ऐकलं.

"काय रे कॉलर, सोडलीस ना? मग इथे काय करतोस?"

"मास्तर, तलफ आली की जागा बदलायला सांगितलंय."

"मग बदल की. त्या मशीनवरून उठ आणि ह्या मशीनवर बस."

सगळे हसले. मास्तरांना हसणारी माणसं मिळाली की चेव येतो. "कामचोरी अंगात शिरली की बरोबर कारणं सुचतात," असंही म्हणाले. मी अर्धी उठले होते. भावजींनी आत येताना मला डोळ्यांनीच 'बसा' म्हटलं आणि पेडलवर पाय ठेवला.

आणि मग त्यांनी एक युक्ती काढली. ही युक्ती आमच्याच कारखान्यातल्या माणसाला सुचावी! त्यांचा दोस्त आहे इस्त्रीवाला. त्याच्या पाकिटातून भावजी एक सिगरेट घ्यायचे, दोन बोटांत धरायचे आणि मास्तरांसमोरून हळूच म्हणत जायचे, "ओढून येतो." मास्तर मान हलवायचे. जिन्यावर जाऊन ते न पेटवलेली सिगरेट हातात धरून उभे राहायचे आणि परत आले की इस्त्रीवाल्याला परत द्यायचे. म्हणजे ज्या माणसाला सिगरेटीपासून लांब ठेवायचं, त्याला आम्ही रोज सिगरेट हातात दिल्याशिवाय दाराबाहेर सोडत नव्हतो, आणि उभं करत होतो ते सगळे ओढणारे उभे असतात तिथे.

मला हे माहीतच नव्हतं. मी मेली खूश होते, की मास्तर सुधारले.

व्हायचं तेच झालं. "नुसती धरून काय बसतोस, बिचारीला पेटव तरी," असं इस्त्रीवाला गमतीत म्हणाला आणि काडी पुढे केली. त्या दिवशी एक पेटली. दुसऱ्या दिवशी परत. बोटाचा रंग बदलला तो ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरीणबाईच्या लक्षात आला. तिने मान वर करून विचारलं, "काका?" भावजींचे डोळे भरून आले.

ती रागावली नाही. म्हणाली, "घसरलात म्हणून आतापर्यंतचं सगळं वाया गेलं असं समजू नका. लोक तिथेच चुकतात. एक ओढली, आता काय उरलं म्हणून पाकीट विकत घेतात. तुम्ही दारातून बाहेर पडाल तेव्हा सोडलेलीच असली पाहिजे. फक्त मला सांगा, घसरलात कुठे?"

"जिन्यावर."

"मग जिना सोडा."

"जिना सोडला तर सुट्टी जाते," भावजी म्हणाले.

तिला ते कळेना. मी सुट्टीचा नियम समजावला आणि न पेटवलेल्या सिगरेटीचं भावजींनी सांगितलं, तेही मी तेव्हाच ऐकलं. तिने हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "हे काय ऐकतेय मी?"

बसस्टॉपच्या बाकावर भावजींनी चपलेतून पाय मोकळा केला. मग आपण होऊन म्हणाले, "वहिनी, मी मुळात ओढायला कशासाठी लागलो, माहीत आहे?"

"संगतीने. सगळे लागतात तसे."

"नाही हो. मला तर वास सोसायचा नाही. नवीन होतो, दिवसभर बसून पाठ धरायची. तेव्हाच्या मास्तरांना म्हटलं, जरा बाहेर जाऊन येऊ का? ते म्हणाले, ओढतोस का? म्हटलं नाही. म्हणाले, मग बस. थोडे दिवस बसलो. मग एक दिवस म्हटलं, हो, ओढतो."

बस आली आणि गेली, आम्ही चढलो नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. या माणसाला व्यसन लागलं म्हणून आम्ही घरच्यांनी किती टोमणे मारले! आणि त्याला हवी काय होती? पाठ सरळ करायला दोन मिनिटं. ती कोणी सरळ दिली नाही, म्हणून त्याने ती धुराच्या वाटेने घेतली आणि आता तीच दोन मिनिटं त्याचा पाय मागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी नीट विचारलं. "मास्तर, भावजींना अकराला थोडा वेळ बाहेर जाऊ द्या. जिन्यावर नको, पुढच्या अंगणात."

"ताई, नियम सगळ्यांना सारखा. ज्याला ओढायचीय त्याने जावं."

"असं? बरं."

अकरा वाजायला आले तशी मी मशीन बंद केली, उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मास्तर, ओढून येते."

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. तेवढ्यात कडा शिवणारी ओव्हरलॉकवाली उठली. "मास्तर, मीपण ओढून येते." तिच्या मागची उठली. मग बटणं लावणारी आमची म्हातारी उठली, चष्मा दोरीला लोंबत होता. "मास्तर, मला जरा जास्त वेळ लागेल हं. पहिलीच आहे माझी." पुरुषांच्या रांगेत हशा पिकला, पण या वेळी मास्तरांच्या बाजूने कोणी हसत नव्हतं.

आम्ही पुढच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी गेलो. भावजींना मी हाताला धरून नेलं. पाणी प्यालो, कमरेवर हात ठेवून मागे वाकलो. भावजी टाकीभोवती सावकाश फेऱ्या मारत होते. मास्तर धावत आले. "सिगरेट कुठाय तुमची?"

"संपली बाई," म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडची द्या की एक, चव तरी कळू दे."

मास्तर लाल झाले आणि तरातरा आत गेले. पण त्यांनी सूड उगवला. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप. आता कोणालाच सुट्टी नाही, ओढणाऱ्यालाही नाही! आणि सगळ्या ओढणाऱ्यांनी राग कोणावर काढावा? मास्तरांवर नाही. भावजींवर. इस्त्रीवाला, तो जिवलग दोस्त, सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या एका बोटापायी आम्हा सगळ्यांचे हाल!"

मी काजाचं मशीन सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काडी कोणी पुढे केली होती? ते बोट तुझं असतं तर असं बोलला असतास? तुझी तलफ अर्धा दिवस तुंबली तर तुझे हाल, आणि त्यांनी इतके आठवडे रोज सोसली ती काय मौज होती?" तो इस्त्रीकडे वळला. पण दुपारपर्यंत त्याचं चित्त असं उडालं की एका शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच राहिली आणि करपल्याचा वास खोलीभर पसरला. पाठोपाठ बाहीवाल्याने दोन डाव्या बाह्या एकाच शर्टाला लावल्या. शाळा उघडायच्या बेतात होत्या आणि गणवेश वेळेवर गेले नसते तर मालकांनी मास्तरांनाच धारेवर धरलं असतं. चहाच्या वेळी कुलूप निघालं. मास्तर कोणाकडेही न बघता म्हणाले, "सकाळी आणि दुपारी, सगळ्यांना सुट्टी. ओढा नाहीतर ओढू नका, माझं डोकं खाऊ नका."

जिंकलो म्हणावं तर बोटाला उशीर झाला होता. ते काढावं लागलं. जिन्यावरच्या त्या दिवसांनी ते नेलं का आधीच्या वर्षांनी, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगू शकली नाही. मला मात्र कोणी विचारलं तर मी सांगते, ते बोट मास्तरांच्या खात्यावर आहे. बाकीचा पाय वाचला. पट्टी सुटली तेव्हा मी पाऊल हातात धरलं आणि ते मला माणसाच्या अंगासारखं लागलं. मी तिथेच रडले. ह्यांनी तोंड फिरवून खिडकी उघडली.

जखम भरल्यावर भावजी कामावर आले. चपलेत कापसाची गुंडाळी घातली होती, पेडलवर जोर टाचेकडून द्यायला शिकत होते. पहिल्या दोन कॉलर उसवाव्या लागल्या, तिसरी बरी आली. अकराच्या आधी मास्तर त्यांच्या मशीनपाशी आले. आवाज गोड केला होता.

"काय कॉलर, सुटली ना शेवटी? छान झालं. आता सुटलीच आहे तर तुला बाहेर जायची काही गरज नाही. काम फार तुंबलंय."

माझा हात काजावरून निघाला. पण मला उठावं लागलं नाही. भावजींनी पेडलवरचा पाय काढला आणि मास्तरांकडे मान वर करून बघितलं.

"सुटली नाही, मास्तर. सुटायला ती काय शिवण आहे? मी सोडली. काल सोडली, आज सकाळी चहानंतर परत सोडली, आता अकराला परत सोडायची आहे. मी बाहेर चाललोय. रोज जाणार. कशाला म्हणून मला विचारायचं नाही."

आजूबाजूची मशिनं थांबली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

"वेळ किती लागेल?" मास्तरांनी विचारलं.

"लागेल तेवढा," भावजी म्हणाले आणि चपलेत पाय सरकवून, जरा लंगडत, अंगणाकडे गेले.